लॉटरी लागली तर पहिलं नाव कुणाचं?

बाबा दर दिवाळीला राज्य लॉटरीच्या भव्यतम सोडतीचं एक तिकीट घ्यायचे. एकच. नाशिकरोड स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून. ते देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेलं असायचं. निकालाच्या दिवशी पेपर जमिनीवर पसरून ते आधी शेवटचे चार आकडे बघायचे, मग मालिका. आयुष्यात एकदा त्यांना शंभर रुपये लागले, त्याचे पेढे आणले.

ते गेल्यावर कपाट आवरताना जुन्या कॅलेंडरचं एक पाठकोरं पान सापडलं. वर लिहिलं होतं, ‘तिकीट लागले तर’. खाली यादी: गिरणीवाले, २१० रु. मग अक्काच्या दारात बोअर. गावच्या शाळेत पाण्याची टाकी, नळ ४. हिची दातांची कवळी. मुलांना सारखे. उरले तर स्कूटर.

गिरणीवाल्यांचं नाव वाचून मी थांबलोच. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा सात महिने पगार नव्हता. त्या काळात कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यांनी आमचं दळण उधारीवर दळून दिलं होतं. आई म्हणाली, ‘अरे, ते पैसे तर यांनी पुढच्याच वर्षी फेडले.’ तरी यादीत पहिलं नाव त्यांचंच, आणि आकडासुद्धा तोच.

म्हणून सगळ्यांना विचारतो आहे. समजा एक कोटी लागले. कार, बंगला, परदेशवारी यांबद्दल माझी काही तक्रार नाही, पण ते सगळे लिहितातच. तुम्ही पहिलं नाव लिहा आणि का ते लिहा. प्रत्यक्ष अनुभव असेल तर तो आधी.

हिशेब मात्र खरा धरू. लॉटरीच्या उत्पन्नावर सरळ ३० टक्के कर लागतो, त्यात कसलीही सूट किंवा वजावट नाही. एक कोटीवर ३० लाख कर, उत्पन्न ५० लाखांच्या वर म्हणून त्या करावर १० टक्के अधिभार, आणि या सगळ्यावर ४ टक्के उपकर. दुसरं काही उत्पन्न नसेल तरी एकूण ३४ लाख ३२ हजार जातात. हातात राहतात ६५ लाख ६८ हजार. बक्षीस देतानाच ३० लाख कापून घेतात, त्यामुळे माणसाला वाटतं कर भरून झाला. उरलेले ४ लाख ३२ हजार नंतर स्वतः भरायचे असतात. वाटप करताना ते आधी बाजूला काढा.

चिपळूणहून

आमचं घर चढावर आहे म्हणून २२ जुलै २०२१ च्या पुरातून वाचलं. खाली बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं. त्या रात्री आमच्या पडवीत सत्तावीस माणसं झोपली. त्यातली निम्मी मी आधी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती. काकूने चुलीवर नुसता भात आणि कुळथाचं पिठलं केलं, तेही दोनदा.

तेच घर आता गळतं आहे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर येते आणि सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. मुंबई, ठाणे, बडोदा, एक जण कॅनडात. भांडण कुणाचंच नाही, पण मी पैसे घातले तर घर कुणाचं, या एका प्रश्नापायी प्रत्येक जण पावसाळ्याआधी फोन करतो आणि ‘बघू’ म्हणतो. गेल्या वर्षी माजघरातला एक वासा खाली आला. वाळवीने आतून पोकळ केला होता, हाताने दाबला तर पीठ पडलं.

लॉटरी लागली तर पहिलं नाव त्या घराचं. कौलं उतरवायची, वासे-रिपा बदलायच्या, चांगली कौलं निवडून परत चढवायची. कुणाचा हिस्सा विकत घेणार नाही, कुणाकडून लिहून घेणार नाही. चौदा किल्ल्या करून चौदा जणांना पाठवीन. घर चौदांचंच राहू दे, फक्त गळता कामा नये.

मुंबईहून, परिचारिका

मी परळच्या भागातच नोकरी करते, त्यामुळे टाटा रुग्णालयात आलेल्या पेशंटच्या घरची माणसं रोज दिसतात. जळगाव, बीड, बिहार, बंगाल, कुठून कुठून येतात. उपचाराला पैसा कुठून ना कुठून उभा राहतो. योजना असतात, ट्रस्ट असतात. पण राहायचं कुठे? केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये वीस-एकवीस दिवसांचं अंतर असतं. गावी जाऊन परत यायचं तर दोन दिवसांचा प्रवास आणि त्यात पेशंटला उलट्या. म्हणून ते फुटपाथवर, पुलाखाली राहतात. मी एका बाईला हायड्रंटच्या नळावर मुलाचं बिनकेसांचं डोकं ओल्या फडक्याने पुसताना पाहिलं आहे, इतक्या हलक्या हाताने की जणू फुगा आहे.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे टाटाच्या पेशंटना नातेवाइकांसह राहता येतं. तिथली खोली मिळाली की माणसाचा चेहरा बदलतो, मी बघितलाय. माझ्या पैशांतून मला तशाच खोल्या हव्यात. दहा चालतील. स्वयंपाकाला गॅस आणि पातेली हवीत, कारण केमोनंतर बाहेरचं अन्न जात नाही. स्वतःसाठी काही नाही असं म्हणणार नाही, मलाही वसईच्या लोकलमध्ये उभं राहून वीस वर्षं झाली. पण पहिल्या खोलीची चावी आधी.

साताऱ्याहून, एसटी वर्कशॉप

आमचा अनुभव खरा आहे म्हणून लिहितो. आम्ही सहा जण दर महिन्याला वर्गणी काढून तिकिटं घेतो. एका महिन्यात पाच जणांनीच पैसे दिले, कारण सहावा गडी रजेवर होता, त्याच्या वडिलांना अॅडमिट केलं होतं. आणि नेमकं त्याच महिन्यात आम्हाला दहा हजार लागले.

वाटा किती करायचे, पाच का सहा? सांगायला लाज वाटते, पण आठ दिवस डब्याला एकत्र बसलो नाही. दहा हजार म्हणजे काय मोठी रक्कम! तरीसुद्धा एक जण म्हणाला, ‘हरलो असतो तर त्याने मागाहून पैसे दिले असते का?’ त्यावर आमचे सर्वांत जुने मेकॅनिक म्हणाले, ‘दिले असते. अकरा वर्षं देतोय.’ मग सहा वाटे झाले. रजेवरच्या गड्याने परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर त्या महिन्याची वर्गणी काढून टेबलावर ठेवली.

तेव्हापासून केरळातल्या त्या अकरा बायका आम्हाला माहीत आहेत. मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडी नगरपालिकेत घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या. २०२३ साली त्यांनी मिळून २५० रुपयांचं मान्सून बंपरचं तिकीट घेतलं. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये दिले. दोघींकडे तेवढेही नव्हते, त्यांनी मिळून पंचवीस दिले. दहा कोटी लागले. साडेबारा रुपयेवालीलासुद्धा तिच्या साडेबारा रुपयांचा वाटा मिळाला.

आमची आता पद्धत ठरली आहे. तिकीट आलं की झेरॉक्स काढायची, त्यावर सहा नावं, सहा सह्या, कुणी किती दिले तेही लिहायचं. झेरॉक्स प्रत्येकाकडे एक.

माझं पहिलं नाव त्या जुन्या मेकॅनिकचं. पुढच्या वर्षी रिटायर होतात, गुडघे गेलेत. बसखालच्या खड्ड्यात तीस वर्षं उभं राहून जातातच.

लातूरहून

मला मावशीने वाढवलं. बारावीपर्यंत शहरात तिच्या दोन खोल्यांत राहिले. आई गावी शेतात. मावशीची स्वतःची तीन मुलं, मी चौथी, आणि दुधाचे चार पेले नेहमी ओळीत मांडून सारखे भरायची. खाली वाकून, डोळे पेल्यांच्या पातळीवर आणून बघायची. पहिलं नाव तिचं. वीस लाख. यावर विचार करायची गरजच नाही.

सांगलीहून, करसल्लागार

वरच्या लातूरच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितो, कारण ही चूक पुष्कळ जण करतात. जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर घेणाऱ्याला कर नाही, पण ‘नातेवाईक’ कोण हे कायद्याने ठरवलेलं आहे, आणि ते घेणाऱ्याच्या बाजूने बघतात. आईवडील, मुलं, नातवंडं, सख्खी भावंडं, नवरा-बायको आणि त्यांची भावंडं, आईवडिलांची भावंडं, हे सगळे त्यात येतात. म्हणजे मावशीने भाचीला दिले तर भाचीला कर नाही. पण भाचीने मावशीला दिले तर मावशीच्या यादीत भाची नाही! वर्षात ५० हजारांच्या वर रक्कम गेली की ती सगळीच मावशीचं उत्पन्न धरली जाते. चुलत, मामे, आते, मावस भावंडांचंही तेच. ज्यांच्याबरोबर आपण एका ताटात जेवलो ती माणसं कायद्याच्या यादीत नसतात, आणि अशिलाला हे सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

ताई, तुमच्या आई आहेत. तुम्ही आईला द्या, तिला कर नाही. पुढे आईला स्वतःच्या मनाने आपल्या बहिणीला द्यावेसे वाटले तर तिथेही नाही, कारण त्या सख्ख्या बहिणी. रक्कम बँकेतून द्या, दोन साधी पत्रं करून ठेवा.

आणखी एक, अगदी मनापासून. नाव जाहीर होण्याआधी यादी तयार ठेवा. केरळच्या ओणम बंपरचं २५ कोटींचं पहिलं बक्षीस २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. आठवड्याभरातच त्याने लोकांना हात जोडून सांगितलं की मला घरात राहणं मुश्कील झालंय, दारात मागणाऱ्यांची रांग आहे, हे लागलं नसतं तर बरं झालं असतं. त्या रांगेतली सगळी माणसं खोटी नव्हती. कुणाला खरंच ऑपरेशन होतं, कुणाला खरंच कर्ज होतं. ‘नाही’ कुणाला म्हणायचं हे दारात उभ्या माणसाकडे बघून ठरवता येत नाही, ते आधीच ठरवावं लागतं.

अबुधाबीहून

इथे ‘बिग तिकीट’ नावाच्या सोडतीचं एक तिकीट ५०० दिरहमचं, एकट्याला झेपत नाही. आम्ही दहा जण मिळून घेतो: चार मराठी, तीन मल्याळी, दोन नेपाळी, एक बांगलादेशी. तिकीट घेतलं त्या रात्री कॅम्पमध्ये कुणी लवकर झोपत नाही. प्रत्येक जण आपलं घर बांधून काढतो, खिडक्या कुठल्या बाजूला तेसुद्धा. माझं पहिलं नाव माझ्या मुलीचं, पण पैसे म्हणून नाही. मी परत येणार, एवढंच तिला द्यायचंय. ती आता सहावीत आहे. मी निघालो तेव्हा बोबडं बोलायची.

कोल्हापूरहून

सगळ्यांचं वाचलं आणि डोळे भरून आले. पण माझ्या भावाचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाबांसारखं वर्षातून एक तिकीट वेगळं आणि दर पंधरा मिनिटांनी निकाल लागणारी ऑनलाइन सोडत वेगळी. तो बसस्टँडजवळच्या एका सेंटरवर जाऊन बसायचा. आधी पगार गेला, मग पतसंस्थेचं कर्ज, मग वहिनीच्या पाटल्या. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली ती लोकांना मटक्यातून बाहेर काढायला, असं आमचे आजोबा सांगायचे, आणि ते खरंच आहे. पण हे पंधरा मिनिटांचं प्रकरण मटक्याहून वेगळं कुठे होतं? भाऊ आता बरा आहे, दूध संकलनावर काम करतो. माझं पहिलं नाव वहिनीचं. चार पाटल्या, तशाच, वेलबुट्टीच्या. नवीन घडवल्या तरी चालतील. मी तिकीट काढत नाही, कधी काढणारही नाही, पाटल्या पगारातून होतील. दोन झाल्या आहेत.

भुसावळहून, आजींनी सांगितलेलं, नातवाने टाइप केलेलं

मी लिहिलं नाही, हा लिहितोय. आम्ही चार बहिणी. एक अकोल्याला, एक सुरतेला, थोरली जळगावला, मी इथे. आमच्या वडलांच्या शेताच्या वाटणीपासून थोरली बोलत नाही. एकोणीस वर्षं झाली. लग्नकार्यात दिसते, नजर वळवते. चूक कुणाची ते आता मला आठवतसुद्धा नाही, खरं सांगते. आठवत होतं तेव्हा मी फार बोलले.

मला एक कोटी नको. मला पाहिजे चौघींचं पंढरपूर. एकाच खोलीत चार गाद्या, खाली, जमिनीवर. माहेरी झोपायचो तशा. थोरली भिंतीकडे, कारण तिला भिंत लागते. पैसे मी देणार म्हटलं तर ती यायची नाही. लॉटरीचे आहेत म्हटलं तर येईल, कारण ते कुणाच्याच कष्टाचे नाहीत, उपकार नाहीत. म्हणून मला लॉटरी पाहिजे.

आता नातू म्हणतो, आजी, लागलीच म्हणून सांगू, मी काढतो तिकिटं. मी त्याला म्हटलं काढ. थोरलीला वरचा बर्थ चढता येत नाही. चारही खालचे मिळतील असे बघ, आणि तिचा खिडकीजवळ.