मदत हवी आहे: ग्रान रेसेर्वा (बरीच वर्षं मुरवलेली स्पॅनिश रेड वाईन) आवडली नाही. दोष जिभेचा की बाटलीचा?

नमस्कार मंडळी,

ऑफिसच्या कामासाठी मार्चपासून माद्रिदमध्ये आहे, ऑगस्टअखेर पुण्याला परत. वाईनमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. वर्षातून चार-पाचदा कुणाच्या तरी गच्चीवर नाशिकची शिराझ, एवढीच माझी मजल. इथे दुपारच्या साध्या जेवणासोबतही ग्लासभर वाईन असते, त्यामुळे पाच महिन्यांत मागची सगळी कसर भरून निघाली.

बारमध्ये रेड मागितली की समोरून एकच प्रश्न येतो: "रिओहा की रिबेरा?" म्हणजे स्पेनमधल्या दोन वाईन-प्रदेशांपैकी कुठली. (पहिले दोन आठवडे मी 'रिओजा' म्हणत होते. कुणी हसलं नाही, पण कुणाला कळलंही नाही.) रिओहा मला हलकी वाटते. लाल चेरी, किंचित आंबटपणा, आणि मागाहून व्हॅनिला. रिबेरा देल दुएरो काळपट, दाट, आणि टपोरं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तशी आवळणारी. दोन्हींत मुख्य द्राक्ष तेम्प्रानियोच, मग एवढा फरक कसा?

खरा प्रश्न पुढे आहे. रोज पिते ती सहा-सात युरोची क्रिआंथा, म्हणजे कमी मुरवलेली वाईन, आणि ती मला मनापासून आवडते. गेल्या शनिवारी मात्र वाढदिवसाचं निमित्त करून रिओहाची दहा वर्षं जुनी ग्रान रेसेर्वा आणली, बत्तीस युरोंची. मैत्रिणीला बोलावलं, मटणाचा तांबडा रस्सा केला, बाटली उघडली. आणि काय सांगू! फळाचा पत्ताच नाही. आजीची ट्रंक उघडल्यासारखा वास, जुनं चामडं, पाचोळा. घोट घेतला तर घशात नुसती आग. मैत्रीण भिडेखातर "छान आहे" म्हणाली आणि ग्लास तसाच ठेवला.

आता सांगा:
१. बाटली खराब होती, की मला कळत नाही?
२. पुढच्या आठवड्यात नवरा येतोय. परतताना माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री, म्हणजे दोघांच्या मिळून चार बाटल्या. कोणत्या आणू?

अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये आहे. ओतून द्यायला जीव होत नाही.

प्रतिसाद

ताई, ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसटलेल्या तळघराचा वास होता का? असेल तर बूच बाधलंय, दुकानात परत न्या. चामडं आणि पाचोळा हे मात्र जुन्या रिओहाचे गुणच समजतात. लोक त्यासाठीच पैसे मोजतात.

धागाकर्ती

नाही, पुठ्ठा नव्हता. ट्रंकच.

प्रतिसाद

मग बाटली ठणठणीत आहे. मी पाच वर्षं लोग्रोन्योत होतो, रिओहाच्या राजधानीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपला पहिला गैरसमज असा की क्रिआंथा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा म्हणजे बरी, चांगली, उत्तम. तसं नाही. हा मुरवण्याचा हिशोब आहे. रिओहात रेड क्रिआंथा किमान २ वर्षांची, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा ३ वर्षांची. ग्रान रेसेर्वा किमान ५ वर्षांची, त्यात २ वर्षं पिंपात आणि २ बाटलीत. चांगल्या हंगामाची द्राक्षंच सहसा इतकी थांबवतात, म्हणून किंमत चढते. पण कैरीचा ताजा तक्कू आणि तीन वर्षं मुरलेलं लिंबाचं लोणचं यांत वरचढ कोण, याला काय उत्तर देणार? तुम्हाला फळ आवडतं, ते क्रिआंथात जास्त असतं. एवढं सरळ आहे.

व्हॅनिला येतो तो पिंपातून. रिओहावाल्यांना अमेरिकन ओकची जुनी सवय, त्यातून व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास उतरतो. रिबेराचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, दिवसा रणरणतं ऊन आणि रात्री थंडी. तिथे तेम्प्रानियोला तिंतो फिनो म्हणतात. साल जाड होते, म्हणून रंग गडद आणि जीभ आवळते.

आता घशातल्या आगीबद्दल. जुलैत माद्रिदमध्ये बाटली ओट्यावर ठेवली होती का?

धागाकर्ती

होय. एसी फक्त बेडरूममध्ये आहे. स्वयंपाकघरात ३० च्या वर असेल.

प्रतिसाद

सापडला चोर! रेड 'खोलीच्या तापमानाला' प्यायची, ही थंड दगडी घरांतली गोष्ट. १६ ते १८ अंश हवं. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात जातं. उन्हाळ्यात प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, कोण काय म्हणेल याची फिकीर नको. इथले लोक तर रेडमध्ये बर्फ आणि लिंबाचा सोडा घालून 'तिंतो दे वेरानो' पितात.

प्रतिसाद

+१. आणि तांबडा रस्सा! तिखटाने अल्कोहोलची आग दुप्पट होते, बिचाऱ्या म्हाताऱ्या वाईनने काय करावं? रिबेरातल्या आरांदा दे दुएरो गावात लाकडाच्या भट्टीत कोवळं कोकरू भाजतात, मसाला म्हणाल तर फक्त पाणी आणि मीठ. आपल्याकडचं त्याचं जवळचं नातेवाईक म्हणजे अळणी मटण. तांबड्यासोबत थंडगार होवेन गार्नाचा घ्या, म्हणजे गार्नाचा द्राक्षाची, पिंपात न मुरवलेली कोवळी वाईन.

चार बाटल्यांचं म्हणाल तर पुण्यात मिळणं अवघड ते न्या (आधी प्रदेश, मग द्राक्ष): बिएर्थोची मेन्थिया, कांपो दे बोर्खाची गार्नाचा, हुमिय्याची मोनास्त्रेल. चौथी तुमची लाडकी क्रिआंथा. 'प्रिओरात' या प्रदेशाची वाईनही भारी, स्लेटच्या दगडी जमिनीतली, पण खिशाला झेपली तर.

धागाकर्ती

अपडेट. काल ती अर्धी बाटली फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली आणि कोकराच्या चॉप्स नुसतं मीठ लावून तव्यावर भाजल्या. आग गेली. ट्रंक आहेच, पण आत सुकी अंजिरं सापडली. तळाशी गाळ होता तो ग्लासात आला, पुढच्या वेळी हळू ओतेन. तरी खरं सांगू? रोज प्यायला मला क्रिआंथाच हवी.

चार बाटल्यांची यादी नवऱ्याला पाठवली. त्याचं म्हणणं, पाचवी बसते. चार लिटरमध्ये पाच बाटल्या म्हणजे पावणेचारच लिटर. हिशोब बरोबर, पण मर्यादा माणशी आहे ना? पाचवी बाटली नेमकी कुणाची धरणार? कुणी कस्टम्सला हा प्रयोग केला असेल तर कळवा. आणि जीन्सच्या पायात गुंडाळलेली बाटली चेक-इन बॅगेत टिकते का, तेही.