बेटावरच्या गावात किनाऱ्यावरून गरवायचं (गळाने मासे धरायचे) तर जागा कुठली, वेळ कुठली?

नवा_गळ
गाव बेटावर आहे. मुख्य जमिनीकडे जाणारा पूल, शेजारी जुनी जेटी, मागच्या अंगाला कातळ आणि एका टोकाला तिवरांतून येणारी छोटी खाडी. होडी नाही. रॉड ९ फुटी, रील ४००० चं, दोरी २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). पुलाखाली शिसं सारखं अडकतं. नाही अडकलं तर आमिष कुरतडून गळ रिकामा येतो. जागा चुकतेय की बांधणी?

खाडीकाठ
बहुतेक वेळ चुकतेय. भरती साधारण सहा तासांची धरा. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भागच पाणी चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. त्या दोन तासांत पुलाखाली ओढ इतकी असते की शिसं घरंगळत जाऊन दगडांत बसतं. ओढ सुरू होतानाचा आणि मंदावतानाचा तास-दीड तास धरा. तक्त्यात पूर्ण भरतीची वेळ दिली म्हणजे त्याच मिनिटाला प्रवाह उलटतो असं नाही, अरुंद पट्ट्यात पाणी नंतरही वाहत राहतं. तरंगता पाला कुठे चाललाय ते बघा. दुसऱ्या दिवशी तीच स्थिती साधारण ५० मिनिटं उशिरा येते.

पुलाच्या खांबाआड पाणी गोल फिरतं. त्या भोवऱ्याच्या आणि वाहत्या पाण्याच्या शिवेवर आमिष पडलं पाहिजे. प्रवाह उलटला की तुम्हीही बाजू बदला. रात्री दिवे असतील तर उजेड-सावलीची रेघ शोधा, मोठा मासा सावलीत थांबतो.

खाडीचं तोंड मात्र ओहोटीचं. तिवरांत शिरलेली कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते आणि तांबोशी, जिताडा तोंडाशीच टपलेले असतात. जेटीवर लांब फेकू नका, मासा खांबांलगत असतो.

शिसं६०
मधले दोन तास सोडा, हे उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला) खरं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, तेव्हा दोन्ही टोकांना पाणी जवळजवळ मेलेलं असतं आणि तेच मधले तास उत्तम चालतात.

आता बांधणी. ब्रेडला ४० पौंडी नायलॉनचा दीड मीटर लीडर (टोकाचा जाड तुकडा) जोडा. खांबांवरच्या कालवांची धार ताणलेल्या ब्रेडला लागली की ती तुटलीच. लीडरच्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी), आणि स्विव्हलला शिसं ८ पौंडी नायलॉनच्या फूटभर तुकड्याने. गळाची फांदी (गळ बांधलेला बाजूचा तुकडा) स्विव्हलच्या ४० सेंमी वर, लांबी २०-२५ सेंमी. अडकलं की रॉड वाकवू नका. तो सरळ दोरीच्या दिशेला धरून मागे सरका, कमजोर तुकडा तुटेल आणि बाकी सगळं परत येईल. पण हाच तुकडा जोरात फेकलं तर हवेतच तुटतो आणि सुटलेलं शिसं माणसाला लागू शकतं. म्हणून खालून झोका देऊन, जवळच टाका. ३० ग्रॅमपासून सुरू करा, ६० ग्रॅमही तळाला टिकत नसेल तर वजन वाढवण्यापेक्षा जागा बदला.

आमिष कुरतडणारी बारीक मासळी असते. सोललेली कोळंबी तिला आयतीच मिळते. त्याऐवजी बोय माशाच्या मांसाची कातडीसकट पट्टी, बोटभर लांब, एका टोकाला एकदाच ओवलेली. कोळंबीच हवी तर सालीसकट, वर बारीक लवचिक दोरा गुंडाळून. सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) २/० मापाचा घ्या आणि त्याचं टोक उघडं ठेवा. मांसात बुडालं तर मासा लागत नाही. चावा आला की झटका नको, नुसतं रील फिरवत जा. झटक्याने हा गळ तोंडातून निसटतो.

नवा_गळ
आणि कातळ? तिथे कोणी दिसत नाही, म्हणून मोह होतोय.

खडप_भाऊ
कोणी दिसत नाही त्याला कारण असेल. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वर उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा अधूनमधून लागोपाठ येतात, पाच मिनिटांत कळत नाहीत. जिथपर्यंत कातळ ओला आहे, तिथे उभं राहायचं नाही. हिरवं शेवाळ तर बुटांनाही दाद देत नाही. परतीची वाट भरतीत बुडते का, हे ओहोटीलाच चालून बघा. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वात मोठं असतं, त्या दिवसांत कातळ नकोच. सुरुवात जेटीवर करा.

जेटीवर लांब दांड्याचं हातजाळं न्या. दोरीने उचलताना स्वतःच्या वजनाने मासा सुटतो. शेंगाळा लागला तर हाताने धरू नका: पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन विषारी काटे असतात. पक्कडीने गळ काढा, नाहीतर दोरी कापून सोडून द्या. काटा लागलाच तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडेच जा.