जुन्या पद्धतीचा वाढदिवस : तुमच्या घरी कसा झाला? (अनुभव धागा)

येत्या मे महिन्यात लेकीला आठवं लागेल. गेली काही वर्षं तिला ज्या ज्या वाढदिवसांना घेऊन गेले, तिथे साधारण एकच चित्र असतं. हॉल, फुग्यांची कमान, कानठळ्या बसवणारी गाणी, माइकवर ओरडणारा एक दादा, केक, फोटो, आणि हातात पिशवी देऊन पाठवणी. घरी आल्यावर तिला विचारलं की कुणाशी खेळलीस, तर सांगण्यासारखं काही नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. यंदा सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत औक्षण, लगोरी, डबडा ऐसपैस, पन्हं आणि भेळ एवढंच करायचं ठरवलंय. मुलांसमोर कुणी कार्यक्रम सादर करण्यापेक्षा एखाद्या मोठ्या माणसाने त्यांच्यात उतरून खेळावं, असं मला वाटतं. ज्यांनी असा वाढदिवस केला आहे त्यांनी सविस्तर लिहा. कोणते खेळ रंगले, कोणते फसले, खायला काय केलंत, मुलं किती बोलावलीत?

कोथरूडहून, दोन मुलग्यांची आई

मुलं बारा-पंधराच्या वर नकोत, ही पहिली गोष्ट. दोन संघ पडतात, सगळ्यांवर लक्ष राहतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला खेळ येतो.

लगोरीसाठी आम्ही घराचं काम चालू होतं तेव्हाचे शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले होते. सात तुकडे, सर्वांत मोठा तळाला, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. रबरी चेंडू नका देऊ, पाठीत बसला की लहान मुलं रडतात आणि खेळ तिथेच मोडतो. जुन्या मोज्यात चिंध्या गच्च कोंबून वरून सुतळीने आवळून बांधलं की मस्त चेंडू होतो. जोरात मारला तरी लागत नाही. यजमान मुलाच्या आजोबांना (म्हणजे माझ्या सासऱ्यांना) आम्ही पंच केलं होतं. नेम धरायचे तीन चान्स, लगोरी फुटली की पळापळ, परत रचून झाली की ओरडायचं, एवढं त्यांनी एकदा करून दाखवलं. पुढे मुलांनीच स्वतःचे नियम काढले, भांडली, मिटवलं, पुन्हा खेळली.

सर्वांत मोठी पसंती मात्र डबडा ऐसपैसला. पत्र्याचा रिकामा डबा, त्याच्या तोंडाच्या कडा आत ठोकून घेतलेल्या. ज्याच्यावर राज्य तो डबा आणून वर्तुळात ठेवेपर्यंत बाकीचे लपतात, आणि कुणी तरी गुपचूप येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटतात. त्या खणखणाटाने वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या आणि तिथूनच "तो बघ, गाडीमागे!" असं सांगायला लागल्या!

नगर जिल्ह्यातून

आमच्या पोराचा वाढदिवस जानेवारीत. त्यामुळे आमच्याकडे सरळ हुरडा. ज्वारीचे दाणे कोवळे, हिरवे असताना कणसं खुडायची, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवायची आणि आरात कणसं खुपसायची. शहरातली भाचरं पहिल्यांदा आली तेव्हा कणीस हातात धरायला घाबरत होती. माझ्या आईने एकेकाला जवळ बसवून शिकवलं. गरम कणीस तळहातांत धरून चोळायचं, दाणे सुटले की फुंकर मारून भुसा उडवायचा आणि हिरवे वाफाळते दाणे लगेच तोंडात टाकायचे. जरा थांबलं तर गेली चव. सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, पेरू. केक आणला नाही. कुणी मागितलाही नाही.

खेळाचं म्हणाल तर बांधावरच्या वडाखाली सूरपारंब्या. मोठी माणसं झाडाखाली उभी पाहिजेत आणि किती उंच चढायचं ती फांदी आधी ठरवून द्यायची, हे मात्र कटाक्षाने पाळतो. विटी-दांडू मोठ्या मुलांनाच देतो, तोही उघड्या रानात. विटी डोळ्याला लागण्याची भीती खरी आहे. कोल्याची विटी कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून बारकी पोरं मारणाऱ्याच्या पाठीमागच्या अंगाला बसवायची.

डोंबिवलीहून

ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमचं घर वन बीएचके. पलंग भिंतीला सरकवला, खाली दोन सतरंज्या अंथरल्या, आणि खोलीत तीन कोपरे केले.

एका कोपऱ्यात सागरगोटे. पूजेच्या दुकानात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, राखाडी गुळगुळीत बिया. हातातला वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन. मुलग्यांना वाटलं हा मुलींचा खेळ. एकालाही दोनच्या पुढे जाता येईना, मग मात्र जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या कोपऱ्यात चल्लस आठ. खडूने पाच बाय पाच घरं आखली, कडेच्या मधल्या घरांत आणि बरोबर मध्यभागी फुल्या. कवड्या नव्हत्या, म्हणून चिंचोके मधोमध फोडून घेतले. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. चारही उताणे पडले की चार, चारही पालथे पडले की आठ. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही. नियम संपले. सहा वर्षांच्या मुलालाही दोन डावांत कळतं.

तिसऱ्या कोपऱ्यात काचापाणी ठेवायचं मनात होतं, पण बांगड्यांचे तुकडे लहानग्यांच्या हातात द्यायला मन धजेना. त्याऐवजी अख्खे चिंचोके पसरले. शेजारच्याला धक्का न लावता एकेक बोटाने ओढून घ्यायचा. खेळ तोच, रक्त नाही.

संध्याकाळी सगळी मिळून गोल बसून मामाचं पत्र. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवलं होतं की तासभर धावपळ ऐकू येईल. त्यांनी त्यांचा नातूच वर पाठवून दिला.

सांगलीची आजी

औक्षणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वाढदिवस आमच्याकडे तिथीने. सकाळी तेल लावून न्हाऊ घालायचं, नवे कपडे, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार. पाटाभोवती रांगोळी. ताम्हनात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी सुपारी आणि अंगठी ओवाळायची, मग निरांजन. आमच्या घरी वय जितकं तितके कणकेचे दिवे करतात. ते लावायचे, विझवायचे नाहीत. नातवाने स्वतः कणीक मळून त्याचे सहा दिवे केले, एकाला चोच काढली आणि एकाला शेपूट. तेही लावले.

जेवायला सव्वाच्या मापाचा शिरा करा, केळं घालून. मुलं आनंदाने खातात. तिखट मिरची घातलेलं काही नको. पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. दही रात्रभर टांगायचं आणि चक्का पुरणयंत्रातून काढायचा, विकतच्या श्रीखंडाला ती सर नाही.

अमरावतीहून

आमच्याकडे सूरपारंब्यांना डाबडुबली म्हणतात. पण आता झाडं राहिली नाहीत तशी, म्हणून यावर्षी शाळेच्या मैदानावर विषामृत आणि जोडसाखळी खेळवली. खायला पुडाच्या वड्या, म्हणजे सांभारवडी. सारणात सांभार म्हणजे कोथिंबीर भरपूर, मुलांसाठी तिखट कमी. तळायचं काम सकाळीच उरकलं, नाहीतर आई स्वयंपाकघरात आणि मुलं बाहेर, असं होतं.

म्युनिकहून

आम्ही इथे बरीच वर्षं आहोत. सुरुवातीला मला वाटायचं की आपले खेळ इथल्या मुलांना कसे काय आवडतील. पण इथल्या घरगुती वाढदिवसांना गेल्यावर लक्षात आलं की जर्मन लोकांनी त्यांचे जुने खेळ छान जपले आहेत. टोप्फश्लागेन बघाच. डोळे बांधलेलं मूल गुडघ्यांवर रांगतं, हातातल्या लाकडी चमच्याने जमीन बडवत पालथं घातलेलं पातेलं शोधतं, बाकीचे "थंड, थंड... गरम!" असं ओरडतात, आणि पातेल्याखाली खाऊ निघतो. पोत्यात उड्या मारायची शर्यत आहे, लिंबू-चमच्यासारखी अंडं-चमचा शर्यत आहे, संगीत खुर्ची आहे. अनेक घरांत जितकं वय तितकीच मुलं बोलावतात आणि आमंत्रणावर सुरू होण्याची वेळ असते तशी संपण्याचीही असते. ही पद्धत मी आनंदाने उचलली.

मुलीच्या नवव्या वाढदिवसाला एक खेळ इथला, एक आपला, असे आलटून पालटून घेतले. आंधळी कोशिंबीर सांगायला शब्दच लागले नाहीत. खांब-खांब खांबोळीसाठी बागेतली सफरचंदाची झाडं खांब झाली. लगोरीला लाकडाचे ठोकळे वापरले. भेळ मुलांनाच कालवायला दिली. चुरमुरे भारतीय दुकानातून, चिंच-गुळाची चटणी घरची, कांदा वेगळ्या वाडग्यात. दोन मुलांनी फक्त चुरमुरे आणि गोड चटणी खाल्ली, बाकीच्यांनी भांडं रिकामं केलं. इथे एक सांगते, दाण्यांची ॲलर्जी आहे का हे प्रत्येक पालकाला आधी विचारा. आपल्या निम्म्या पदार्थांत दाण्याचा कूट असतो.

फोंड्याहून

गोव्यात आमच्याकडे गोडाला मणगणें. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. पिशवीत घालून द्यायला जत्रेतलं खाजें, आल्याच्या वासाचं. चॉकलेटं विसरली मुलं.

ठाण्याहून, बारा वर्षांच्या मुलाचा बाबा

थोडं वेगळं मत मांडतो. आठ वर्षांपर्यंत हे सगळं सहज जमतं, अकरा-बाराच्या मुलांना "चला, आता आपण जुने खेळ खेळू" असं जाहीर केलं की ती खांदे उडवतात. त्यांना आव्हान लागतं. मी सोसायटीच्या मैदानावर फक्कीने आट्यापाट्यांचं मैदान आखलं आणि आम्ही बाबालोक विरुद्ध मुलं असा सामना लावला. पाट्यांवर आम्ही, हूल देत पलीकडे जायचं मुलांनी. पहिल्या डावात त्यांनी आम्हाला धापा टाकायला लावल्या. फोन कुठे ठेवलेत हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

परतीच्या भेटीबद्दल: आम्ही प्रत्येकाला लाकडी भोवरा आणि जाळी (भोवऱ्याची दोरी) दिली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानातून आधीच आणून ठेवले होते, लाखेच्या रंगाचे. फक्त देऊन उपयोग नाही. जाळी खालून वर, एकेका वेढ्याला घट्ट लावायची, टोक बोटात अडकवायचं आणि फेकताना हात किंचित मागे खेचायचा, हे तिथेच शिकवलं. ज्याला आलं त्याने दुसऱ्याला शिकवलं. पुढचा महिनाभर लिफ्टसमोर भोवरे फिरत होते.

नाशिकहून

अगदी लहान मूल असेल तर वाढदिवसापेक्षा बोरन्हाण धरा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, साधारण पाच वर्षांपर्यंत. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, रेवड्या, गोळ्या. पाटाभोवती बसलेली मुलं ते वेचायला झेपावतात, तोच खेळ. उसाचे करवे बारीक करा आणि बोरं हलक्या हाताने, अगदी कमी उंचीवरून सोडा. बोरं आणि गोळ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जाणार नाहीत याकडे एका मोठ्या माणसाचं लक्ष हवंच.

धागा काढणारी

किती छान लिहिताय सगळे! मोज्याचा चेंडू, कणकेचे दिवे आणि मुलांनी कालवायची भेळ नक्की झाली. एक शंका राहिली. लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण बाद झाली की हमसून रडते, आणि धाकट्या भावंडांना कुणी खेळायला घेत नाही. काय करू?

साताऱ्याहून, शाळेत खेळ शिकवते

ज्या खेळात बाद झालेलं मूल कडेला बसून राहतं ते खेळ वाढदिवसाला कमी ठेवा. संगीत खुर्ची घेतलीत तर एकदाच, आणि शेवटाकडे. विषामृत त्यासाठी उत्तम. विष झालेला बसतो, पण गड्याने येऊन शिवलं की अमृत मिळून लगेच पळायला लागतो. डबडा ऐसपैसमध्येही सुटका आहे, लपंडावात धप्पा आहे. आपल्या जुन्या खेळांत बाद झालेल्याला परत आणायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरा.

भावंडांना कच्चा लिंबू करा. सगळ्यांबरोबर पळायचं, लपायचं, पण राज्य येणार नाही. मोठ्या मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांना फक्त "हा आपला कच्चा लिंबू" एवढं म्हणा. संघ पाडताना दोन कप्तानांनी एकेक नाव उचलायची पद्धत नको, शेवटी उरणारं मूल नेहमी तेच असतं. हात पालथे-उताणे करून सुटा किंवा मुलांना जोड्या लावून येऊ द्या.

आणि क्रम असा ठेवा: आल्या आल्या बसून खेळायचं काहीतरी, म्हणजे उशिरा येणारे सहज सामील होतात. मग पळापळीचे खेळ, मग पन्हं. मे महिना आहे, साडेपाचच्या आधी उन्हात उतरू नका. कैऱ्या आदल्या दिवशी उकडून गर, गूळ, मीठ, वेलदोडा एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवा, आयत्या वेळी माठातलं पाणी घाला. भेळ सर्वांत शेवटी, नाहीतर पोटं भरली की कुणी पळत नाही.