खताच्या बादलीत अळ्या! फेकून देऊ का?

कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहते. 20 लिटरच्या बादलीला भोकं पाडून ओला कचरा जिरवतेय. महिनाभर छान चाललं. परवा उरलेला वरणभात टाकला आणि आता वास, वर जाड करड्या अळ्या. सासूबाई नाक धरून बसल्यात.

>> फेकू नका! त्या बहुतेक सैनिक माशीच्या अळ्या, कचराच खातात, चावत नाहीत. वास ओलाव्याचा. मूठभर माल दाबून बघा. पाणी गळलं तर सुका पालापाचोळा घाला, ओल्याच्या दुप्पट.

>> शिजवलेलं सध्या बंदच. आम्ही आंबट ताक शिंपडतो.

>> पालापाचोळा मिळतोय कुठे? आमचा माळी रोज सकाळी जाळतो.

>> (मीच) आमचाही! उद्याच दोन पोती मागते. सासूबाईंना काय सांगू, अळ्या पाळल्यात म्हणून?