हरिश्चंद्रगडाच्या पावसाळी ट्रेकसाठी सॅकमध्ये कॅमेरा कसा ठेवावा?

रानवाट:
नमस्कार. ऑगस्टमध्ये खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाण्याचा आमचा बेत आहे. सोबत एक डीएसएलआर आणि दोन लेन्स न्यायच्या आहेत. गेल्या वर्षी सॅकवर रेनकव्हर असूनही आतले कपडे भिजले होते, त्यामुळे या वेळी कॅमेऱ्याची धास्ती वाटते. कॅमेऱ्यासाठी खास सॅक घ्यावी, की आहे त्या ५० लिटरच्या सॅकमध्येच काही सोय करता येईल?

कातळवेडा:
वेगळ्या सॅकची गरज नाही. रेनकव्हर सॅकची पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळणारे पाणी त्या बाजूच्या शिवणींतून आत उतरते आणि तळाशी साठते. म्हणून पाणी आत येणारच, असे गृहीत धरून बांधाबांध करावी. कॅमेरा आणि लेन्स फोमच्या कप्प्यांत ठेवून ते सर्व तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत घालावे, तोंडाला किमान तीन वळसे द्यावेत आणि ती बॅग सॅकच्या मध्यभागी, पाठीला लागून ठेवावी. तळाशी मात्र ठेवू नये, कारण विसाव्याला सॅक खाली टाकली की पहिला दणका तळालाच बसतो. जड लेन्स काढून वेगळी ठेवावी. नाहीतर धक्क्याचा सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते त्या जागेवर येतो.

धुकेवाला:
सूचना योग्य आहेत, परंतु इतका बंदोबस्त केला की कॅमेरा दिवसभर बाहेर निघतच नाही, असा माझा अनुभव आहे. मी छोटी लेन्स लावलेला कॅमेरा छातीवरच्या पाऊचमध्ये ठेवतो आणि तोलार खिंडीनंतरचा रेलिंगचा कातळटप्पा आला की तो सॅकमध्ये टाकतो, कारण तिथे छातीवर काही असले तर पाऊल ठेवायची जागा दिसत नाही. दुसरी लेन्स घरीच राहू द्यावी. भर पावसात लेन्स बदलणे धोक्याचे, आणि गडाच्या कोकणकड्यावर धुके दाटले असताना दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिलेन्सने टिपायचे तरी काय?

जुनी रीळ:
पावसापेक्षा परतल्यानंतरचे चार दिवस मला अधिक घातक वाटतात. ड्राय बॅग बाहेरचे पाणी जशी आत येऊ देत नाही, तशी आत कोंडलेली दमट हवाही बाहेर जाऊ देत नाही. थकून घरी आलो, बॅग तशीच कपाटात ठेवली आणि दिवाळीत उघडली तेव्हा लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. त्यामुळे घरी पोहोचताच सर्व सामान बाहेर काढून पंख्याखाली सुकवावे आणि मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले, असे समजावे. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावरही अर्धा तास बॅग उघडू नये, अन्यथा थंड काचेवर लगेच बाष्प धरते.

रानवाट:
सर्वांचे आभार. टेलिलेन्स घरी ठेवतो. ट्रायपॉड सॅकच्या बाहेर बांधला तर चालेल का?

कातळवेडा:
चालेल. बाजूच्या खिशात पाय रोवून दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळावा. सॅकच्या वर डोकावणार नाही एवढे पाहावे, नाहीतर कारवीतून जाताना पावलोपावली अडकेल.