जुने हॉरर गेम नव्या रूपात खेळताना भीती टिकली का?

गाजलेल्या जुन्या हॉरर गेमपैकी अनेकांचे आता रीमास्टर (जुनाच गेम, चित्र-आवाज सुधारून) किंवा रीमेक (तोच गेम नव्याने बनवून) निघाले आहेत, आणि शाळा-कॉलेजात असताना उसन्या सीडीवर हे गेम खेळलेली आपली पिढी आता तेच गेम पुन्हा विकत घेऊन खेळते आहे. ज्या गेमने एके काळी तुम्हाला खरोखर घाबरवले होते, तो नव्या रूपात खेळल्यावर ती भीती टिकली का, आणि टिकली नसेल तर नेमके काय बदलल्यामुळे, एवढेच या धाग्यात विचारायचे आहे. ‘ग्राफिक्स छान आहेत’ यापलीकडे जाऊन लिहावे आणि कथेतील रहस्ये फोडू नयेत, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. माझ्या मते आजवरचा सर्वोत्तम रीमेक म्हणजे २००२ मध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या खेळयंत्रासाठी आलेला, झोंबींनी भरलेल्या वाड्यात घडणारा ‘रेसिडेंट ईव्हिल’, आणि त्याचे देखणेपण हे काही त्याचे कारण नव्हे. १९९६ चा मूळ गेम आणि हा रीमेक, दोन्हींचे दिग्दर्शन शिंजी मिकामी यांनीच केले. मूळ गेम तोंडपाठ असलेला खेळाडू आता निर्धास्त असणार, हे त्यांनी ओळखले आणि नेमका त्या निर्धास्तपणावरच घाव घातला. पूर्वी मारलेला झोंबी मेलेलाच राहत असे. रीमेकमध्ये मात्र त्याचे डोके उडाले नसेल किंवा रॉकेल ओतून त्याला जाळले नसेल, तर काही काळाने तोच लालभडक होऊन उठतो आणि पूर्वीपेक्षा वेगाने अंगावर धावून येतो. रॉकेल मोजकेच मिळते. त्यामुळे कोणता बोळ आपल्या नेहमीच्या वाटेवर येणार आहे याचा अंदाज घेऊन, कोणते प्रेत जाळायचे आणि कोणते तसेच सोडायचे हे ठरवावे लागते. २०१५ ची एचडी आवृत्ती मी पीसीवर खेळलो, तेव्हा वाड्याचा नकाशा मला पाठ होता आणि तरीही जेवणघराशेजारच्या बोळाकडे पुन्हा वळताना पाऊल उचलत नव्हते. मूळ गेमची माहिती असणे हेच ज्या रीमेकमध्ये धोक्याचे ठरते, असा दुसरा रीमेक मला तरी भेटलेला नाही.

पुणे, सॉफ्टवेअर टेस्टर

मला धुक्याविषयी लिहायचे आहे. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मध्ये गावभर धुके पसरलेले असते, कारण दूरवरच्या इमारती आणि रस्ते एका वेळी दाखवणे पहिल्या प्लेस्टेशनला झेपत नव्हते. कोनामी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या गटाने ही यंत्राची अडचण गावाच्या स्वभावातच मिसळून टाकली. समोरचे चार पावलांपलीकडे दिसत नाही, स्वतःजवळचा रेडिओ खरखरू लागला की काहीतरी आसपास आहे एवढे कळते, पण ते काय आहे हे कळायला पुढे जावेच लागते. २००१ मध्ये दुसरा भाग प्लेस्टेशन २ वर आला, तेव्हा यंत्राची ताकद वाढली होती, तरीही निर्मात्यांनी धुके ठेवले, आणि त्यांची समज मला तिथे दिसते.

हा दुसरा भाग ज्यात पुन्हा निघाला, त्या २०१२ च्या एचडी संग्रहात हेच निसटले. अंतिम स्वरूपातला मूळ कोड हाती नसल्यामुळे तो संग्रह अपूर्ण कोडवरून तयार करावा लागला होता. धुके विरळ झाले, आणि जे कधी दिसू नये असे गृहीत धरून अर्धवट रंगवलेले होते ते उघडे पडले. एका फलकावरची अक्षरे तर कॉमिक सॅन्स या खेळकर वळणाच्या फॉन्टमध्ये होती, आणि ती पाहिल्यावर पुढचा अर्धा तास मला घाबरणे जमले नाही. चित्र अधिक स्पष्ट करणे म्हणजे गेम सुधारणे, हा समज हॉररच्या बाबतीत किती चुकीचा आहे, हे या एका संग्रहावरून समजते.

याच कारणाने दुसऱ्या भागाच्या २०२४ च्या रीमेकविषयी मी साशंक होतो. तो पोलंडमधील क्राकूव्ह येथील ‘ब्लूबर टीम’ने केला. त्यांनी कॅमेरा खांद्यामागे आणला, मारामारी सफाईदार केली, पण धुके जड ठेवले आणि मूळ संगीतकार अकिरा यामाओका यांना सोबत घेतले. आवाजाच्या बाबतीत हा गेम मूळ गेमपेक्षाही सरस आहे, असे मी म्हणेन. माझी तक्रार लांबीविषयी आहे. मूळ गेम शनिवार-रविवारात संपत असे, तर रीमेक जवळजवळ दुप्पट चालतो, आणि एकाच इमारतीत तासन्‌तास काढले की तिथल्या अंधाराची सवय होऊन जाते.

नाशिक, व्यापारी

मी लिहितो तो गेम हॉरर नाही, पण वरचा धुक्याचा मुद्दा वाचून राहवले नाही. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आम्ही सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून खेळलो. २०२१ च्या नव्या आवृत्तीत सुरुवातीला क्षितिजावरचे धुरकटपण काढून टाकले होते, त्यामुळे गेममधल्या माउंट चिलियाड या डोंगरावर उभे राहिले की दूरची शहरे हाताच्या अंतरावर दिसत आणि एवढे मोठे वाटणारे राज्य एखाद्या तालुक्याएवढे भासे. पुढे गेमची कंपनी रॉकस्टारने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि जुन्या आवृत्त्याही पुन्हा विक्रीला ठेवल्या, हे योग्यच झाले.

कोल्हापूर, निवासी डॉक्टर

माझ्या आवडत्या गेमचा रीमास्टर निघूच नये, असे माझे मत आहे. २०१४ चा ‘एलियन: आयसोलेशन’ आजही जुना वाटत नाही. ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ने त्यात राक्षसाची बुद्धी दोन पातळ्यांवर विभागली आहे. एका पातळीला आपण कुठे आहोत ते सतत माहीत असते आणि ती एलियनला फक्त साधारण त्या बाजूला ढकलत राहते. प्रत्यक्ष एलियनला मात्र स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनीच आपल्याला शोधावे लागते. म्हणून तो कधीच फार दूर जात नाही, पण नेमका सापडतही नाही. त्याला मारता येत नाही. हालचाल टिपणारे उपकरण हाती असते, पण एलियन जवळ असताना त्या उपकरणाचाही आवाज त्याला ऐकू जातो. सेव्ह करायचे तर ठरावीक ठिकाणच्या यंत्रात कार्ड घालून काही क्षण पाठमोरे उभे राहावे लागते.

प्लेस्टेशन ४ चा कॅमेरा जोडलेला असेल, तर खोलीतला खराखुरा आवाजही एलियनला ऐकू येईल अशी सोय या गेममध्ये आहे. मैत्रिणीकडे आम्ही ती सुरू केली होती आणि तिच्या आईच्या कुकरच्या शिट्टीवर आमचा जीव गेला. पुढे हा गेम मोबाइलवरही आला. रात्रपाळीनंतर मी तो फोनवर, हेडफोन लावून खेळते. पडदा लहान झाल्याने भीती कमी झालेली नाही, कारण या गेममध्ये पाहण्यापेक्षा ऐकण्याचे काम अधिक आहे.

ठाणे, चार्टर्ड अकाउंटंट

‘रेसिडेंट ईव्हिल ४’विषयी कुणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. २००५ च्या मूळ गेममध्ये बंदूक रोखली की पाय जागच्या जागी थांबत. चालता चालता गोळी झाडता येत नसे, म्हणून समोरून कुऱ्हाडी घेऊन गाव चालत येत असताना उभे राहायचे की पळायचे, हा निर्णय दर क्षणी घ्यावा लागे. २०२३ च्या रीमेकमध्ये चालत-चालत नेम धरता येतो, आणि ती सूट दिल्याबद्दल गेमची कंपनी कॅपकॉमने गावकऱ्यांना अधिक चपळ आणि अधिक आक्रमक करून हिशेब चुकता केला आहे. सुरीने वार अडवता येतो, पण सुरी झिजते. हिशेब जुळतो, हे मान्य. पण भीतीची जात बदलली. पूर्वी ती हतबलतेची होती, आता ती धावपळीची आहे. मला दोन्ही आवृत्त्या आवडतात आणि पुन्हा खेळायची वेळ आली तर मी जुनीच काढेन.

एडिसन, न्यू जर्सी, गृहिणी

२००८ चा ‘डेड स्पेस’ आणि २०२३ चा त्याचा रीमेक मी यजमानांबरोबर खेळले. नायकाची प्रकृती त्याच्या पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांत दाखवण्याची मूळ कल्पना रीमेकमध्ये तशीच आहे, आणि सामान पाहताना खेळ थांबत नाही हेही तसेच आहे, त्यामुळे सुरक्षित असा क्षण मिळत नाही. मूळ गेममध्ये नायक आयझॅक बोलत नसे. आता तो बोलतो आणि मला ते आवडले, कारण अंतराळजहाज दुरुस्त करायला आलेला माणूस एका शब्दाने काही विचारणार नाही, हे तेव्हाही पटत नव्हते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख वर कुणी केलेला नाही. या रीमेकमध्ये काही दृश्यांआधी सूचना दाखवण्याची आणि ती दृश्ये झाकण्याची सोय आहे. आत्महत्येची दृश्ये मला सहन होत नाहीत, आणि या सोयीमुळेच मी हा गेम पूर्ण करू शकले. अशा सोयींमुळे हॉरर मवाळ होतो असे म्हणणाऱ्यांनी तो पर्याय बंद ठेवावा, तो सक्तीचा नाही.

नागपूर, महाविद्यालयीन विद्यार्थी

मी मूळ गेम खेळलेले नाहीत, त्यामुळे माझा अनुभव उलट दिशेचा आहे. २०१९ चा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ आधी खेळलो आणि नंतर १९९८ चा शोधून काढला. रीमेकमध्ये पोलीस ठाण्यात मिस्टर एक्स हा धिप्पाड राक्षस मागे लागतो, तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून येतो आहे की पलीकडच्या खोलीतून, हे कान देऊन ऐकावे लागते. मूळ गेममध्ये तो फक्त दुसऱ्या वेळी खेळताना भेटतो आणि ठरावीक जागीच येतो, त्यामुळे तो मला फारसा भीतिदायक वाटला नाही. पण त्यात खेळ टाइपरायटरवर, दर वेळी शाईची एक फीत खर्चून सेव्ह करावा लागतो, आणि त्या फिती मोजून वापरणे मात्र मला जुन्या गेमनेच शिकवले. रीमेकमध्ये हे बंधन केवळ ‘हार्डकोअर’ या सर्वांत अवघड पातळीवर आहे, आणि मूळ गेम संपवल्यानंतर मी रीमेक पुन्हा त्याच पातळीवर सुरू केला आहे. सध्या ग्रंथालयापर्यंत पोहोचलो आहे आणि दोनच फिती शिल्लक आहेत.