मदत हवी आहे : अल्काप्टोन्युरियात काळी पडलेली कूर्चा आणि निटिसिनोन

नमस्कार. आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. बाबा ५८ वर्षांचे आहेत. नुकताच त्यांचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशननंतर सर्जननी मला आत बोलावून काढलेला भाग दाखवला. कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पांढरी असते एवढं मला माहीत होतं. ही शिसवासारखी काळी होती, कडांचे टवके उडालेले, आणि सांध्याच्या अस्तरातही काळे कण रुतून बसलेले. मग लघवी तपासली, होमोजेंटिसिक अ‍ॅसिड भरपूर निघालं. निदान अल्काप्टोन्युरिया, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होणारा जन्मजात आजार. त्याआधी पाठ आखडायची त्यावर कित्येक वर्षं 'मणक्याची झीज' म्हणून गोळ्या चालल्या होत्या.

आजीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "याचे लंगोट काये पडत. सोडा टाकून उकयले तं अजूनच काये होत बाप्पा!" सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यात हे अ‍ॅसिड भराभर ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे खूण जन्मापासून समोर होती. आजी-आजोबा आते-मामे भावंडं. इंग्रज डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये याच आजारावर लिहिताना रुग्णांचे आईवडील बरेचदा चुलत-मावस नात्यातले असतात हे नोंदवलं होतं. ते वाचताना अंगावर काटा आला.

मला समजलं ते असं. टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलनिन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लांना पचवण्याच्या साखळीतलं एचजीडी हे एन्झाइम काम करत नाही, म्हणून होमोजेंटिसिक अ‍ॅसिड साचतं. बरंचसं लघवीवाटे जातं. उरलेल्याचं ऑक्सिडेशन होऊन बेंझोक्विनोन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बनतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मेलॅनिनसारखं रंगद्रव्य तयार होतं आणि ते कोलॅजेनला, म्हणजे कूर्चेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना, चिकटतं. कूर्चा ताठ होते, ठिसूळ होते, तडकते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मोठेपणी तिथलं कोलॅजेन जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे बसलेला रंग निघायला वाटच नाही.

पण अ‍ॅसिड जन्मापासून रक्तात असताना सांधे तिशी-चाळिशीनंतरच का दुखू लागतात? एक मांडणी वाचली : धडधाकट कूर्चेत प्रोटिओग्लायकन (पाणी धरून ठेवणारे साखर-प्रथिनाचे रेणू) कोलॅजेनला झाकून ठेवतात, वयाने, भाराने ते कमी झाले की कोलॅजेन उघडं पडतं आणि रंग तिथे बसतो. म्हणून कंबर, खुबे, गुडघे आधी जातात. हे खरं असेल तर बाबांच्या डाव्या गुडघ्यावरचा भार आत्ताच कमी करण्याला मोठा अर्थ आहे. आमचे बाबा मात्र अजूनही जिना चढून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतात, ऐकत नाहीत.

आता औषध. निटिसिनोन मूळचं तणनाशकांच्या संशोधनातून आलेलं. ते साखळीतली एक पायरी आधीच थांबवतं, त्यामुळे होमोजेंटिसिक अ‍ॅसिड फारसं बनतच नाही. प्रौढ रुग्णांसाठी युरोपात २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण टायरोसिन वाढतं, डोळ्याच्या बुबुळावर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रथिनं मोजून खायची. आमच्या घरी सकाळी तुरीचं वरण, संध्याकाळी पिठलं किंवा पाटोडी. यातलं काय काढायचं?

ज्यांच्या घरी हा आजार आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांना विचारते :

डाव्या गुडघ्याची कूर्चा थोडीफार शाबूत आहे. अशा वेळी औषध आत्ता सुरू करण्यात फायदा आहे, की बाबांच्या वयात उशीर झाला? व्हिटॅमिन सीने ऑक्सिडेशन रोखता येतं असं प्रयोगशाळेत दिसतं, पण अ‍ॅसिड तर तेवढंच बनत राहतं. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं का? औषध सुरू असताना टायरोसिन आणि डोळे तपासायला तुम्ही कुठे जाता? नागपुरात सोय असेल तर उत्तम, नाहीतर मुंबई-हैदराबादलाही जाऊ.

आणखी एक. आत्याचीही पाठ बरीच वर्षं धरलेली आहे आणि तिच्या कानाच्या पाळीच्या वरचा कडक भाग निळसर दिसतो. सख्ख्या भावंडांत चारात एक अशी शक्यता असते, म्हणून तिची लघवी तपासायची आहे. नमुना किती तासांत पोचवावा लागतो, गोठवून पाठवावा लागतो का, हे कुणी सांगितलं तर याच आठवड्यात देऊन टाकू.